फोटोच्या पाठीवर काय लिहिलंय?

मागच्या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला. "ताईचा फोटो पाठवला तुले. बायोडाटात नीट बसवून दे." मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळे वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या खानदानाचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे येतं. फोटो तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत काढलेला होता. क्वालिटी जाऊ नये म्हणून मावशीने तो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला होता. फाइल जड होती. साइझ कमी करण्याआधी मी सवयीने तिची माहिती उघडली. तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल, एडिटिंग सॉफ्टवेअरचं नाव, आणि खाली 'डिस्क्रिप्शन'च्या रकान्यात तीन वाक्यं:

"रंग २ शेड उजळ. हनुवटीवरचा डाग काढणे. नाक बारीक?"

ती सूचना स्टुडिओतल्या एकाने दुसऱ्याला दिलेली होती. काम झालं, फोटो एक्सपोर्ट झाला आणि चिठ्ठी आतच राहिली. ही फाइल तोवर पाच स्थळांकडे गेलेली होती. त्यातल्या कुणी ती चिठ्ठी वाचली असेल असं मला वाटत नाही. पण वाचायला कुणाला कुलूप तोडावं लागलं नसतं.

फोटोसोबत असा मजकूर जातो तरी का? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली सुरू झाली. त्या काळापासून फोटोची माहिती फोटोच्या पाठीवर असायची. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोमागे स्टुडिओचं नाव आणि पत्ता छापलेला असे. घरी आणल्यावर कुणीतरी शाईने नावं आणि साल लिहून ठेवी. आमच्या आजीच्या पेटीत असा एक फोटो आहे. त्याच्यामागे फक्त "कारंजा, लग्नानंतर" एवढंच आहे. पण तेवढ्यावरून घरातली मोठी माणसं अर्धा तास बोलतात.

१९१४ साली कोडॅकने एक मजेशीर कॅमेरा विकायला काढला, ऑटोग्राफिक. त्याच्या मागे छोटी खिडकी असे. ती उघडून टोकदार काडीने कागदावर लिहायचं, काही सेकंद उजेड दाखवायचा. फिल्म धुतली की दोन फोटोंच्या मधल्या पट्टीत ते अक्षर उमटे. या कल्पनेचे हक्क घ्यायला कोडॅकने तेव्हा तीन लाख डॉलर मोजले होते. म्हणजे 'हा फोटो कधीचा, कुठला' या प्रश्नाला तेव्हाही किंमत होती. पुढे नव्वदच्या दशकात आपल्या घरातल्या फोटोंवर कोपऱ्यात नारिंगी तारीख आली. ती कुरूप दिसायची, पण दिसायची. या सगळ्यात लिहिणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला माहीत असायचं की इथे काहीतरी लिहिलेलं आहे.

डिजिटल फोटोत हीच गोष्ट बदलली. जेपेग हे मानक १९९२ साली आलं. त्यात चित्राच्या आधी मोकळे कप्पे ठेवलेले आहेत. एक कप्पा खास 'कॉमेंट'साठी आहे, आणि अशा एका कप्प्यात सुमारे ६४ केबी मजकूर मावतो. साध्या अक्षरांत मोजलं तर छोटं पुस्तक! वृत्तसंस्थांना फोटोसोबत ओळ, फोटोग्राफरचं नाव आणि गाव पाठवायचं होतं, म्हणून १९९१ मध्ये आयपीटीसी या त्यांच्या संघटनेने रकाने ठरवले, आणि फोटोशॉपने ते फाइलमध्येच ठेवायची सोय केली. जपानी कॅमेरा उद्योगाने १९९५ मध्ये एक्झिफ आणलं. त्यात कॅमेरा स्वतःच वेळ, लेन्स, शटर आणि पुढे जीपीएसचे अक्षांश-रेखांशही लिहू लागला. २००१ मध्ये अडोबीने एक्सएमपी आणलं. एडिटिंगच्या नोंदी त्यात राहतात.

म्हणजे एकाच फोटोला आता चार खिसे आहेत. ते वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कामासाठी शिवले. एक खिसा झटकला तरी दुसऱ्यात चिठ्ठी राहते. त्यात एडिटिंग सॉफ्टवेअरचा स्वभाव जपणुकीचा आहे. आधीच्या फाइलमध्ये जे होतं ते नव्या फाइलमध्ये नेऊन ठेवायचं, कारण फोटोग्राफरचं नाव हरवलं तर तो ओरडतो. ताईच्या फोटोतली चिठ्ठी कुणी मुद्दाम पाठवली नव्हती. ती काढायला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

या जपणुकीचे फटके मोठ्यांनाही बसलेत. डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकाफी हा अँटीव्हायरसवाला पोलिसांना चुकवत लपला होता. त्याच्यासोबत फिरणाऱ्या एका मासिकाने त्याचा आयफोनवर काढलेला फोटो इंटरनेटवर टाकला. फोटोत जीपीएस तसंच होतं. जगाला काही वेळातच कळलं की तो ग्वाटेमालात आहे. २०२३ मध्ये उघड झालं की पिक्सेल फोनवर कापलेल्या स्क्रीनशॉटमधून कापलेला भाग बऱ्याचदा परत मिळवता येतो, कारण जुना डेटा फाइलच्या शेपटीला तसाच राहत होता. आपण कापलं असं आपल्याला वाटत होतं. फाइलने मात्र काहीच टाकलं नव्हतं.

मग सगळंच पुसून टाकावं का? इथे मला आमचा जिल्हा आडवा येतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या सोयाबीनच्या वावरात उभा राहून अ‍ॅपमधून फोटो काढतो. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात, म्हणून तो पेरा सातबाऱ्यावर चढतो. त्या फोटोला जागा आणि वेळ नसेल तर ते नुसतं हिरव्या पानांचं चित्र आहे. ताईच्या फोटोत जी गोष्ट नकोशी वाटते, तीच मामाच्या फोटोत पुरावा असते.

आणि वाशिमचा स्वतःचा इतिहासही अशाच एका नोंदीवर उभा आहे. १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. ते गावाचं दानपत्र आहे, थोडं संस्कृत आणि थोडं प्राकृत. पण इतिहासकारांना त्यात सोनं मिळालं ते तपशिलात: दान कुठून दिलं, तर वत्सगुल्माहून, कधी, तर राज्याच्या ३७ व्या वर्षी, आणि देणाऱ्याचे वाडवडील कोण. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. इथून राज्य करणारी वाकाटकांची वेगळी शाखा होती, हे या पत्र्यांमुळे पक्कं झालं. ते तपशील 'जागा वाचवायला' कुणी खरवडले असते, तर आज आपल्याकडे चांगल्या अक्षरातलं, कुणाचं ते न कळणारं तांबं उरलं असतं.

त्यामुळे माझ्यापुरता नियम असा की मूळ फाइलला हात लावायचा नाही, आणि बाहेर जाणारी प्रत झाडून पाठवायची. गिंपमध्ये जेपेग एक्सपोर्ट करताना एक्झिफ, एक्सएमपी, आयपीटीसी आणि कॉमेंट यांच्या खुणा वेगवेगळ्या काढता येतात. लाइटरूममध्ये 'फक्त कॉपीराइट' निवडता येतं. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये वैयक्तिक माहिती काढायची सोय आहे. एक्झिफटूल नावाचं मोफत साधन सगळे खिसे एकदम उलटे करतं. मात्र त्याने फोटो कसा फिरवायचा ही नोंदही जाते आणि उभा फोटो आडवा होऊ शकतो, म्हणून नंतर एकदा उघडून बघा. फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपने साधा फोटो पाठवला तर ही माहिती सहसा निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशीच्या तशी पोचते. आणि दुसऱ्याच्या फोटोतून त्याचं नाव पुसू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अशी हक्कांची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढणं गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

ताईला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस काढले. चिठ्ठी पुसली असती तर तिला कधीच कळलं नसतं. पण उजळ केलेला चेहरा तर तसाच राहिला असता, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून उजळला हेही तिला कळायला हवं होतं. शेवटी फोन करून वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याहिच्याकडे पहिला फोटो असन ना? तो मांग."

स्टुडिओने पहिला फोटो दिला. हनुवटीवर डाग आहे, रंग आमच्या घरातल्या सगळ्यांसारखा आहे. स्थळांना जाणारी प्रत मी रिकामी केली. मूळ फाइल माझ्याकडे आहे. तिच्या डिस्क्रिप्शनमध्ये आता ताईचं नाव, गाव आणि तारीख आहे. कधी कुणी ती उघडलीच, तर अर्धा तास बोलायला तेवढं पुरेल.