गावातल्या घराची किंमत किती? दिवाळीत वाटणीला बसण्याआधी हे कागद बघून घ्या

किनवट : दिवाळीला पुणे, नांदेड, हैदराबादला कामाला गेलेली पोरं गावी येतात, लेकी माहेरपणाला येतात. तांबड्या भोपळ्याचे घारगे तळून होतात, सगळे ओसरीवर बसतात आणि कोणीतरी विषय काढतो, "घराचं काय करायचं?" एक भाऊ म्हणतो घर दहा लाखांचं, दुसरा म्हणतो चार लाखांचं पण नाही. बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. कारण घराची सरकारी किंमत वेगळी, बाजारातली वेगळी आणि ग्रामपंचायतीच्या वहीतली वेगळी. कोणती किंमत कुठं चालते हे माहीत नसलं की भांडण होतं, नाहीतर नुकसान.

सरकारी किंमत

नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी जमीन आणि बांधकामाचे दर ठरवतो. यालाच लोक रेडी रेकनर म्हणतात. नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. एखाद्या वर्षी जुनेच कायम ठेवले जातात. विभागाच्या वेबसाइटवर जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की दर मोबाइलवर फुकट दिसतो.

हा दर चौरस मीटरमध्ये असतो, इथंच गडबड होते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर.

हिशोब असा करतात. समजा जागा १ गुंठा आहे आणि दर ५०० रुपये. जागेचे झाले ५०,५००. बांधकाम ६० चौरस मीटर, दर समजा १०,००० रुपये, म्हणजे ६ लाख. घर जुनं म्हणून समजा ३० टक्के घसारा वजा केला, राहिले ४ लाख २० हजार. एकूण ४ लाख ७० हजार ५००. (हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. आपल्या गावचा दर तक्त्यात बघावा.) स्लॅबचं, पत्र्याचं आणि मातीच्या भिंतीचं कवेलूचं घर यांना एकच दर लागत नाही.

खरेदीखत करताना ठरलेली रक्कम आणि सरकारी किंमत यात जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

बाजारातली किंमत

चावडीवर ऐकलेला भाव धरून चालू नका. त्याच विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव आणि गट किंवा मिळकत नंबर टाकून नोंदणी झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू बघता येतो. त्यात क्षेत्र, ठरलेली रक्कम आणि सरकारी किंमत तिन्ही असतात. शेजारपाजारचे गेल्या दोन-तीन वर्षांतले व्यवहार बघितले की अंदाज येतो. मात्र रस्त्याला लागून असलेली जागा आणि आतल्या बोळातली जागा एका मापानं मोजू नये. गाडी दारापर्यंत येते का, उन्हाळ्यात पाणी असतं का, पावसात ओढा आडवा येतो का, यावर भाव वर-खाली होतो.

नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे

ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. त्यात नाव आहे म्हणून मालकी पक्की झाली असं होत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरचे दर, बांधकामाचा प्रकार आणि वय बघून लागते. पाडलेली खोली अजून वहीत असेल तर अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, म्हणून बँक कर्ज द्यायला मागेपुढे बघते. यासाठी २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं गावठाण मोजून मिळकत पत्रिका आणि सनद दिली जाते. आपल्या गावचं काम कुठपर्यंत आलं हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात समजतं. पत्रिका आली की नाव, क्षेत्र आणि चारही बाजू तपासा. पडवी, परसबाग सुटली असेल तर लगेच लेखी हरकत द्या.

कमी रक्कम दाखवण्याचा तोटा

खर्च वाचावा म्हणून खरेदीखतात रक्कम कमी लिहिण्याची सवय आहे. पण उद्या रस्ता, रेल्वे किंवा धरणासाठी जागा गेली तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षांतली जवळपासची खरेदीखतं बघतात. त्यातल्या जास्त भावाच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. ती आणि रेडी रेकनर यात जास्त असेल ते धरतात. मग त्याला गुणांक लागतो आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे आज कागदावर लपवलेला एक रुपया उद्या दोन रुपयांनी, कधी त्याहून जास्त महाग पडतो, आणि तोही एकट्याला नाही, आजूबाजूच्या सगळ्यांना. बांधकामाचं मूल्य वेगळं काढतात, म्हणून घराचे फोटो आणि पावत्या जपून ठेवा.

आदिवासी जमीन असेल तर

किनवट आणि माहूर तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे परवानगी लागते. बाँडवर लिहून घेतलेल्या व्यवहाराला अर्थ नाही. पैसे देणाराही बुडतो आणि घेणाराही अडकतो. शेतात पाडलेला प्लॉट घेताना तो अकृषिक आहे का, तुकडेबंदीत बसतो का, हे दुय्यम निबंधकाकडे आधी विचारा.

वाटणी करताना

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित घरात लेकीलाही लेकाइतकाच हिस्सा आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं. अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा थेट लागू नाही, त्यांनी वकिलाला विचारूनच पुढं जावं. बहिणीनं हिस्सा सोडला तर हक्कसोडपत्र नोंदवलेलं पाहिजे, नुसत्या नोटरीवर ते टिकत नाही. नवरा-बायको, लेकरं किंवा नातवंडांना राहतं घर बक्षीसपत्रानं द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी.

बोलणीला बसताना तीन कागद समोर ठेवा : यंदाचा रेडी रेकनर दर, शेजारच्या दोन व्यवहारांचे इंडेक्स टू आणि मिळकत पत्रिका किंवा नमुना ८. घर एकानं ठेवून दुसऱ्याला पैसे द्यायचे असतील तर आकडा बाजारभावानं काढा आणि कोणत्या दरानं काढला ते वाटणीपत्रात लिहा. पाच वर्षांनी कोणी विचारलं तर दाखवायला कागद राहतो.