निवारागृहे तुडुंब, श्वानांना हवे हक्काचे घर

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, असे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या म्हटले जाते. या म्हणण्यामागे निरीक्षण आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रस्त्यावरील बहुसंख्य माद्या माजावर येतात. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असल्याने दिवाळीच्या आगेमागे आणि त्यानंतरच्या थंडीत गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. याच सुमारास शहरांतील प्राणी निवारागृहांच्या दारात खोकी येऊन पडू लागतात. कुणी पोत्यात घालून चार पिल्ले आणतो, तर कुणी रात्री फाटकाला साखळीने कुत्रा बांधून निघून जातो. आत जागा नसते, दाराबाहेरच्या जिवाला परत पाठवणेही शक्य नसते. अशा वेळी निवारागृहाला पैसा आणि औषधे लागतातच. पण सर्वांत तातडीने लागते ते आतल्या श्वानांसाठी घर.

निवारा कोणासाठी?

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ च्या जून महिन्यात कोट भागातील पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे पांजरपोळ उभा राहिला. मरणाच्या दारातून सोडवलेल्या प्राण्यांना आसरा देणे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हे तिचेच कार्य.

मात्र रस्त्यावरील प्रत्येक कुत्र्याला निवाऱ्यात ठेवणे, ही कल्पना कधीच व्यवहार्य ठरली नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे दीड कोटी होती. त्यामुळे २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी वेगळा मार्ग स्वीकारला. कुत्र्याला पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि जिथून आणले तिथेच सोडावे, असा हा क्रम आहे. निरोगी गावठी कुत्र्याचे घर म्हणजे त्याची गल्ली, हे त्यात गृहीत आहे.

निवारागृहात कायमचे अडकतात ते ज्यांना परतायला गल्लीच नसते असे प्राणी. आई गमावलेली पिल्ले, अपघातात पाय गेलेली वा दृष्टी गमावलेली कुत्री आणि मालकाने सोडून दिलेले पाळीव श्वान यांचा त्यात समावेश होतो. हौसेने आणलेला लॅब्रॅडोर म्हातारपणी कंबरेने अधू झाला, हस्कीला येथील दमट उकाडा मानवेना, बदली झाली, घरात बाळ आले. कारणे वेगवेगळी असली, तरी शेवट तोच. घरात वाढलेल्या अशा कुत्र्याला रहदारीची सवय नसते आणि अन्न शोधणे ठाऊक नसते. त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे मृत्यूकडे धाडणेच होय.

या संख्येत आणखी भर पडू शकते. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून नसबंदी व लसीकरणानंतर निवारागृहात ठेवावीत, ती पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. अशा कुत्र्यांना त्यांच्या मूळ ठिकाणी परतण्याची वाट त्या आदेशाने बंद केली.

दाटीचे गणित

निवारागृहाची क्षमता किती, असे विचारले की साधारणपणे पिंजऱ्यांची संख्या सांगितली जाते. वस्तुतः क्षमता ठरते ती एक प्राणी आत किती दिवस राहतो यावरून. उदाहरणादाखल, साठ कुत्र्यांची सोय असलेल्या निवारागृहात रोज दोन कुत्री येतात आणि प्रत्येक जण सरासरी तीस दिवस राहतो, असे समजू. अशा वेळी साठच्या साठ जागा भरलेल्या राहतात, पण गाडा सुरळीत चालतो. हाच मुक्काम तीसवरून चाळीस दिवसांवर गेला, तर येणाऱ्यांची संख्या न वाढताही आत ऐंशी कुत्री होतात. म्हणजे वीस जीव जागेविना.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. मुक्काम वीस दिवसांवर आणता आला, तर त्याच जागेत चाळीसच कुत्री राहतात आणि वीस जागा संकटकाळासाठी मोकळ्या मिळतात. एकही नवा पिंजरा न बांधता हे साधते. म्हणूनच घर मिळालेला प्रत्येक श्वान दोन जीव वाचवतो, असे प्राणीमित्र म्हणतात. एक त्याचा स्वतःचा आणि दुसरा त्याच्या जागेवर येणाऱ्याचा.

काही पाश्चात्त्य देशांतील निवारागृहे जागा संपल्यावर निरोगी कुत्र्यांनाही दयामरण देतात. भारतातील नियमांनुसार ते करता येत नाही. असाध्य आजाराने ग्रासलेल्या किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्यालाच, पशुवैद्यकीय निदानानंतर, दयामरण देता येते. ही तरतूद माणुसकीची असली, तरी तिच्यामुळे दाटी आपोआप कमी होत नाही. तिची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. दारात आलेला रुग्ण नाकारावा लागतो किंवा आतल्यांमध्ये साथ पसरते.

गर्दीतून येणारे आजार

पार्व्हो हा पिल्लांचा कर्दनकाळ मानला जातो. या आजारात उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन लस न टोचलेले पिल्लू काही दिवसांतच दगावू शकते. विष्ठेतून बाहेर पडणारा हा विषाणू जमिनीवर, भांड्यांत आणि चपलांच्या तळव्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो. डिस्टेंपर श्वासावाटे पसरतो. त्यातून वाचलेल्या कुत्र्यांनाही झटक्यांचा त्रास मागे राहू शकतो. गोचीड वाढले की गोचीडताप येतो. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि तो माणसांनाही होतो.

यावर उपाय म्हणजे नव्याने आलेल्या प्राण्याला किमान दोन आठवडे वेगळे ठेवणे. पण गर्दीत सर्वप्रथम बळी जातो तो याच विलगीकरण कक्षाचा. रिकामी खोली दिसली की तिथे चार पिल्ले ठेवली जातात आणि नंतर साथ आवरत नाही. सततचे भुंकणे, अपुरी झोप आणि अन्नासाठीची चढाओढ यांच्या ताणाने प्रतिकारशक्तीही घटते. घरात शांत असणारा कुत्रा पिंजऱ्यात गुरगुरू लागतो, त्यामुळे त्याला पाहायला आलेले कुटुंब माघारी फिरते आणि त्याचा मुक्काम आणखी लांबतो.

तात्पुरते पालकत्व

कायमचे घर तत्काळ मिळतेच असे नाही. म्हणून ‘फॉस्टर’ अर्थात तात्पुरत्या पालकत्वाची पद्धत मोलाची ठरते. दोन ते आठ आठवडे एखाद्या श्वानाला आपल्या घरी ठेवायचे आणि औषधे व उपचारांची जबाबदारी संस्थेने उचलायची, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. दूधपिती पिल्ले आणि त्यांची आई, शस्त्रक्रियेतून उठणारी कुत्री व वृद्ध श्वान यांना निवारागृहातून सर्वांत आधी हलवणे इष्ट असते, कारण गर्दीचा धोका त्यांनाच अधिक. तात्पुरत्या घराचा आणखी एक लाभ म्हणजे कुत्र्याचा खरा स्वभाव तिथे कळतो. तो मांजरीशी कसा वागतो, एकटा राहतो का, जिना चढतो का, ही माहिती पिंजऱ्याबाहेरून मिळत नाही.

घर शोधण्याची रीत

तातडी कितीही असली, तरी अनोळखी हातांत कुत्रा सोपवून मोकळे होणे धोक्याचे असते. घाईने दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो, कधी वाटेतच सोडला जातो. त्यामुळे जाणकार संस्था काही पथ्ये कटाक्षाने पाळतात.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडले जात नाही. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते व पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात टोचली जाते. मोठ्या कुत्र्याची नसबंदी करूनच तो दिला जातो. पिल्लाच्या बाबतीत तसे लेखी वचन घेतले जाते. दत्तक घेणाऱ्याच्या घरी भेट दिली जाते, खिडक्या-गच्चीची सुरक्षितता पाहिली जाते आणि घरातील सर्वांची संमती विचारली जाते. जमले नाही तर कुत्रा रस्त्यावर न सोडता संस्थेकडेच परत करण्याची अट करारात असते.

कुत्र्याची माहिती देतानाही प्रामाणिकपणा हवा. दिवसाउजेडी काढलेले स्पष्ट छायाचित्र, अंदाजे वय, आजाराचा इतिहास आणि स्वभावातील उणिवा सांगितल्या, तर योग्य माणूस लवकर भेटतो. ‘फटाक्यांना घाबरतो, पण लहान मुलांशी सौम्य वागतो’ हे एक वाक्य दयेच्या दहा आवाहनांपेक्षा उपयोगी पडते.

सर्वांत मागे राहतात ती गावठी, काळी आणि मोठ्या वयाची कुत्री. दत्तात्रेयांच्या चित्रातील चार श्वानांपुढे हात जोडणारा समाज घरी आणताना मात्र विदेशी जात शोधतो. वास्तविक देशी कुत्रा येथील हवामानाला सरावलेला असतो व त्याचे खाणेपिणेही फारसे नखऱ्याचे नसते. प्रौढ कुत्र्याचा आकार व स्वभाव आधीच ठाऊक असतो, ही नोकरदार कुटुंबासाठी मोठीच सोय.

कायदा आणि सोसायटी

पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मात्र या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी ठरलेला दंड अवघा १० ते ५० रुपये असल्याने त्याचा धाक बसला नाही. दुसरीकडे, सोसायटीच्या भीतीने अनेक कुटुंबे दत्तक घेण्यास कचरतात. केवळ बहुमताच्या ठरावाने गृहनिर्माण संस्थेला पाळीव श्वानांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. अर्थात स्वच्छता राखणे व शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणे, ही पालकाची जबाबदारी राहते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवानाही घ्यावा लागतो.

इच्छुक प्राणीप्रेमींनी भटकी कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नमूद केले होते.

घरी आल्यानंतर

नव्या घरात श्वान रुळण्याचे तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे ढोबळ टप्पे मानले जातात. सुरुवातीला तो खात नाही, पलंगाखाली लपतो, घरात घाण करतो. या काळात पाहुण्यांची वर्दळ टाळावी, एक शांत कोपरा द्यावा, खाण्याची व फिरण्याची वेळ ठरवावी. पट्ट्याला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला बिल्ला पहिल्याच दिवशी अडकवावा, कारण पळून जाण्याची भीती याच दिवसांत सर्वाधिक असते. त्याने केलेली बहुतेक परत पाठवणी पहिल्या काही आठवड्यांतली असते. थोडा धीर धरला तर ती टळू शकते.

कुत्र्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे असते. तेवढ्या काळाची तयारी नसेल, तर नकार देण्यात गैर काही नाही. अशा कुटुंबाला दोन आठवड्यांचे तात्पुरते पालकत्व घेता येते, किंवा आपल्या गल्लीतील कुत्र्यांची नसबंदी करून घेता येते. पुढच्या भाद्रपदापूर्वी एका मादीची शस्त्रक्रिया झाली, तर येणाऱ्या थंडीत निवारागृहाच्या दाराशी एक खोके कमी येईल.