ऑनलाइन दुकानाचा गाळा बदलण्यापूर्वी

पनवेल सोडून पेणच्या दिशेने निघाले की मुंबई-गोवा महामार्गावरून कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. पेण, हमरापूर, जोहे या परिसरात घडणाऱ्या गणेशमूर्ती याच रस्त्याने वर्षानुवर्षे मुंबईकडे जात आल्या आहेत. आता मूर्तीची नोंदणी मोबाइलवरूनही होते, पोहे-पापडही घरबसल्या मागविता येतात. महामार्गालगतच्या दुकानदाराला जागा बदलावी लागली, तर जुन्या दारावर ‘दुकान पुढे हलविले आहे’ अशी पाटी तो लावू शकतो. महाजालावरील दुकानदाराला तशी पाटी लावता येईलच असे नाही. प्लॅटफॉर्म बदलावा की नाही, याचा विचार या पाटीपासूनच सुरू करावा लागतो.

दुकानाचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, स्वतःच्या नावावर नोंदविलेले असेल तर प्लॅटफॉर्म हा केवळ भाड्याचा गाळा ठरतो. पत्ता प्लॅटफॉर्मच्या नावाचा शेपटासारखा भाग असेल, तर गाळा सोडताच पत्ताही जातो. अशा वेळी प्लॅटफॉर्म बदलायचा नसला, तरी स्वतःचे डोमेन घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

ही भीती काल्पनिक नाही. ‘बाझी डॉट कॉम’ ही मुंबईत सुरू झालेली बाजारपेठ ‘ईबे’ने २००४ मध्ये विकत घेतली. २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे इंडियाचे संकेतस्थळ बंद झाले. त्या वर्षीची गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. सणासुदीच्या विक्रीला जेमतेम महिना उरला असताना तेथील दुकाने मिटली! लहान व्यापाऱ्यांना स्वतंत्र दुकान थाटून देणारी ॲमेझॉनची ‘वेबस्टोअर’ सेवाही २०१६ मध्ये गुंडाळण्यात आली. मोठे नाव म्हणजे कायमचा आसरा, हा समज या दोन्ही घटनांनी खोटा ठरविला.

खर्चाचा हिशेब मात्र बहुतेकांचा अर्धवट असतो. मासिक भाडे डोळ्यांत भरते, टक्केवारी भरत नाही. समजा, महिन्याला सरासरी ८०० रुपयांच्या ५० मागण्या येतात. ४० हजारांच्या या विक्रीवर पेमेंट गेटवेने २ टक्के घेतले, तर १८ टक्के जीएसटीसह ९४४ रुपये जातात. शॉपिफायसारखे काही प्लॅटफॉर्म बाहेरचा गेटवे वापरल्यास भाड्याखेरीज प्रत्येक विक्रीवर आपले वेगळे शुल्क लावतात. तेही २ टक्के धरले, तर वर्षाला आणखी ९,६०० रुपये झाले. वूकॉमर्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पण होस्टिंग, सुरक्षेची अद्ययावतता आणि बिघाड यांची जबाबदारी दुकानदारावर येते. वर्षातून दोन-तीन महिनेच विक्री असणाऱ्या मूर्तिकाराला टक्केवारी परवडते. बाराही महिने पापड विकणाऱ्याला ठरावीक भाडे सोयीचे.

गाळा बदलण्याचे सबळ कारण कोणते? संकेतस्थळाचे देखणेपण हे नव्हे. कुरिअर कंपन्या अनेकदा खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारे घनफळी वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यानुसार दर लावतात. मूर्तीचे खोके ४५ बाय ३५ बाय ३५ सें.मी.चे असेल, तर आत पाच किलोचीच मूर्ती असली तरी आकारणी सुमारे ११ किलोची होते. प्लॅटफॉर्म फक्त प्रत्यक्ष वजनावर पोहोच-खर्च दाखवीत असेल, तर प्रत्येक मूर्तीमागे दुकानदारच भुर्दंड सोसतो. आगाऊ रक्कम घेऊन नोंदणी करता न येणे, हेही असेच खरे कारण आहे.

निर्णय झालाच, तर सामान हलविताना काय मागे राहते, हे आधी तपासावे. ग्राहकांचे पासवर्ड सहसा नव्या ठिकाणी जात नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठविता येत नाही, त्यामुळे कार्डाची माहिती पुन्हा भरावी लागू शकते. मराठी मजकुराची तर कसोटीच असते. मालाची यादी एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केली, की ‘शाडू’च्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. यूटीएफ-८ हा पर्याय निवडून आधी दहा वस्तू चढवून पाहाव्यात. जुनी बिले खाते बंद करण्यापूर्वीच उतरवून घ्यावीत, कारण जीएसटी कायद्यानुसार नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात.

जुन्या पानांवरून नव्या पानांकडे नेणारे ‘३०१’ हे कायमचे पुनर्निर्देशन म्हणजेच ती पाटी. ती किमान वर्षभर ठेवावी, अशी गुगलची शिफारस आहे. एवढे करूनही शोधयंत्रातील स्थान काही काळ डळमळू शकते. म्हणून मुहूर्त महत्त्वाचा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तर परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजाने काही महिने आधीच रवाना होतात. त्यामुळे मूर्तिविक्रेत्याने विसर्जनानंतरचे निवांत आठवडे निवडावेत आणि नव्या दुकानातून स्वतःच एक मूर्ती मागवून ती धड पोहोचेपर्यंत जुन्या गाळ्याचे भाडे भरत राहावे.