जुन्या ट्रकचा एसी : गॅस भरण्यापूर्वी दोष शोधा

नातेपुते : पुणे-पंढरपूर पालखी महामार्गावरील नातेपुते हे माळशिरस तालुक्यातील गाव माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी सर्वांना परिचित आहे. वारीचे दिवस वगळता या रस्त्यावर वर्षभर मालवाहू ट्रकची वर्दळ असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात इंजिनाच्या धगीशेजारी आठ-दहा तास बसणाऱ्या चालकासाठी केबिनमधील एसी ही चैन राहत नाही. उष्म्याने शिणलेल्या चालकाची एकाग्रता ढळते आणि त्याची किंमत रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागू शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक केले. मात्र हा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांसाठी आहे. जुन्या ट्रकमध्ये मागाहून बसविलेला एसी सांभाळण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. तो बंद पडला, की 'गॅस संपला असेल' असे म्हणून गॅस भरून घेतला जातो. पैसे अनेकदा वाया जातात ते येथेच.

गॅस संपत नाही, गळतो

एसीतील गॅस डिझेलप्रमाणे खर्च होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढील जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रवरूप होतो. ड्रायरच्या बाटलीत त्यातील ओलावा शोषला जातो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि केबिनमधील कूलिंग कॉइल थंड पडते. हे चक्र बंदिस्त असते. गॅस बराच कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, असे समजावे. ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जातो.

पैसे न लागणारी तपासणी आधी

पहिली पायरी डोळ्यांनी पाहण्याची. कंडेन्सरच्या पात्यांत धूळ, किडे व उसाचे पाचट अडकले असल्यास उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन बंद व थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने जाळी आतून बाहेर धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. त्यानंतर पट्ट्याचा ताण आणि कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचे बोल्ट पाहावेत. मागाहून बसविलेल्या एसीत पुली एका रेषेत नसल्यास पट्टा वारंवार तुटतो.

वारा भरपूर पण गरम येत असेल, तर एसीचे बटण दाबताच कॉम्प्रेसरच्या पुलीपुढील क्लच 'टक' असा आवाज करून फिरू लागतो का, ते पाहावे. तो फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, थर्मोस्टॅट, अर्थिंगची वायर व प्रेशर स्विच या क्रमाने तपासणी करावी. अनेक अवजड ट्रकची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिला कारचे १२ व्होल्टचे सुटे भाग जोडल्यास ते जळतात. गॅस कमी झाल्यावर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो, तो त्याच्या रक्षणासाठीच. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर फिरते. त्यामुळे स्विचला वायरने बगल देऊन एसी चालविल्यास कॉम्प्रेसर कोरडा फिरून जॅम होतो.

लक्षणांवरून निदान

ट्रक धावताना गारवा आणि कारखान्याच्या आवारात रांगेत उभा असताना गरम हवा, असे होत असल्यास कंडेन्सरवरून पुरेशी हवा जात नाही. पंखा व जाळी तपासावी. सुरुवातीला गार, काही वेळाने वारा मंद आणि थोडी विश्रांती दिल्यावर पुन्हा गार, अशा वेळी कॉइलवर बर्फ धरत असतो. फिल्टर व थर्मोस्टॅट पाहावेत. वारा जोरात असूनही गारवा थांबून-थांबून येत असेल, तर आत ओलावा शिरून व्हॉल्व्हमध्ये गोठत असण्याची शक्यता असते. त्यासाठी ड्रायर बदलावा लागतो.

सांध्यांवर तेलकट डाग दिसल्यास तेथे गळतीचा संशय घ्यावा. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे मोठी गळती दाखवितात. बारीक गळतीसाठी नायट्रोजनचा दाब देऊन तपासणी करावी. ऑक्सिजन कदापि वापरू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

गेज लावल्यावर दोन्ही बाजूंचे दाब कमी आढळले, तर गॅस कमी. दोन्ही जास्त असल्यास जाळी तुंबलेली, गॅस जादा किंवा आत हवा. कमी दाबाची बाजू चढलेली व जास्त दाबाची उतरलेली असल्यास कॉम्प्रेसर थकला आहे.

गॅस भरताना

गळती बुजवून ओ-रिंग बदलल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम करावा. पंप बंद केल्यावर काटा सरकला नाही, तरच गॅस भरावा आणि तो ठरलेल्या वजनाइतकाच. बहुतेक जुन्या यंत्रणांत आर-१३४ए हा गॅस असतो. त्याच्या जागी स्वयंपाकाचा गॅस किंवा मिश्रण भरणे म्हणजे केबिनशेजारी ज्वालाग्राही पदार्थ बाळगणे होय. आर-१३४ए हवेत सोडूनही देऊ नये. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवितो. त्वचेवर उडाल्यास हिमदाह होतो, म्हणून हातमोजे व चष्मा आवश्यक आहे.

एवढे करूनही केबिन तापत असेल, तर दोष एसीत नसेलही. हीटरचा नळ अर्धवट उघडा असणे, इंजिनावरील आवरण फाटणे आणि दारांचे रबर झिजणे ही जुन्या ट्रकमधील नेहमीची कारणे आहेत. केबिनच्या तळाला भोके असतील आणि सायलेन्सर गळका असेल, तर इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे जिवावर बेतू शकते. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून मुक्कामापूर्वी ही भोके बुजविणे, हे एसी दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे काम ठरते.