मांडूचे तीन लाख

मागे इंदूरला एका लग्नाला गेलो होतो. लग्न आटोपल्यावर दोन दिवस हाताशी होते, म्हणून धार, मांडू आणि देवास करून आलो. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यातला, १७७५ सालचा. मराठी माणसाला तिथे परके वाटत नाही. पण मी पडलो सरकारी कारकून! मांडूचा जहाजमहाल पाहतानाही मनात पहिला प्रश्न आला तो हा, की याची डागडुजी कोणाच्या पैशातून होते?

हा प्रश्न चारशे वर्षांचा आहे. १६१७ साली जहांगीर बादशहा मांडूला मुक्कामाला आला. त्याआधीच अब्दुल करीम नावाच्या अधिकाऱ्याला पुढे पाठवून त्याने तिथल्या पडझड झालेल्या इमारती दुरुस्त करवून घेतल्या होत्या. खर्च आला तीन लाख रुपये. बादशहाने हा आकडा आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि तळ्याकाठच्या दिव्यांच्या रोषणाईचे वर्णनही. पावसाळा सरला, स्वारी गुजरातेकडे निघून गेली. पुढे मांडूत रान माजले. तीन लाखांत डागडुजी झाली, पण दरवर्षीच्या साफसफाईची तरतूद कोणी केली नव्हती.

पुढे मांडू धार संस्थानात आले. १९०२ साली लॉर्ड कर्झन ते पाहून गेला. प्राचीन वास्तूंच्या जतनाचा १९०४ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. १९२९ साली गुलाम याझदानी यांचे मांडूवरचे इंग्रजी पुस्तक धार संस्थानासाठी ऑक्सफर्डला छापून घेतले गेले. लोकांनी मांडू पाहायला यावे म्हणून दरबारने केलेला हा खर्च मला तरी आवडतो. इमारत ढासळते, पुस्तक कपाटात टिकते.

आता अलीकडची गोष्ट. केंद्राच्या ‘स्वदेश दर्शन’ योजनेत २०१६-१७ साली मध्य प्रदेशच्या वारसा परिक्रमेला सुमारे शंभर कोटी मंजूर झाले. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो, चंदेरी, भीमबेटका यांच्या जोडीला मांडूही त्यात होते. त्याच वर्षी आपल्या गोव्यालाही किनारी परिक्रमेसाठी जवळपास तेवढीच रक्कम मिळाली: सिकेरी-बागा, हणजूण-वागातोर, मोरजी-केरी आणि आग्वादचा किल्ला व तुरुंग. योजनेचा नियम असा, की उभारणीचा सगळा खर्च केंद्राचा आणि देखभाल राज्याची. आमच्या टेबलावर अशा फायली येतात तेव्हा पहिला भाग जाड असतो, दुसरा एका पानाचा. मंजुरीचा फोटो पेपरात येतो. दिव्याचा बल्ब गेला तर कोणाला कळवायचे, हे त्या एका पानातही नसते.

देवासची तऱ्हा आणखी वेगळी. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन कारभार! इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस होता. नवा राजवाडा अजून बांधून व्हायचा होता आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेला भाग पडायलाही लागला होता, असे त्याने लिहिले आहे. वाचताना मला आमच्याच एका इमारतीची आठवण झाली. असो, नाव नको.

त्याच देवासला १९४८ साली कुमार गंधर्व आले. क्षयाने पोखरलेले, कोरडी हवा मानवेल म्हणून आलेले. कोणत्या खात्याने त्यांना बोलावले नव्हते. १९९२ साली जाईपर्यंत ते तिथेच राहिले. माळव्याची लोकगीते आजारपणात कानावर पडली, ती त्यांच्या गाण्यात उतरली. आज राज्य सरकार त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार देते. आमच्यासारखे लोक देवासला उतरतात ते कुमारांसाठीच, आणि रिक्षावाल्याला, खाणावळीला चार पैसे मिळतात.

मांडूला परतीच्या वाटेवर एक म्हातारी मांडूची इमली विकत बसली होती. ही म्हणजे गोरखचिंचेची भोपळ्याएवढी फळे. विचारले, धंदा कसा? म्हणाली, पाऊस पडला की लोक येतात. नवे दिवे लागले त्याचे काय, असे विचारल्यावर हसली. रात्री ती तिथे नसतेच.