गोफण, गलोल आणि बेचकी : आपल्या शिवारातील लहान शिकारीचा इतिहास



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी थोर पुरुषांची चरित्रे व देवस्थानांच्या हकिगती प्रसिद्ध होत असतात. यंदा चिटणीसांनी इतिहासविषयक काही लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा राजेरजवाड्यांकडे न वळता, आपल्या घराघरांत खुंटीवर टांगलेल्या असत त्या साधनांविषयी लिहावे असे आम्ही योजिले. निलंगा तालुक्यातील आमच्या पिढीने होला, लावा, तित्तर आणि क्वचित् ससा यांच्यावर नेम धरला तो याच साधनांनी. या शिकारीस इतिहास आहे, आणि त्यात आमच्या पदरचा एक अपराधही आहे.

यांत वडीलपणाचा मान गोफणीचा. ती किती प्राचीन आहे, हे वैद्यकाच्या ग्रंथावरून कळते. सुश्रुतसंहितेत जखमेवर बांधावयाच्या पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील हनुवटी, नाक, ओठ यांसाठी योजावयाच्या एका प्रकाराचे नाव ‘गोफणा’ असे आहे. मध्ये रुंद झोळी व दोन्ही बाजूंस दोऱ्या, हा आकार त्या काळीही सर्वांच्या परिचयाचा असल्यावाचून असे नाव पडते ना.

आमचे आजोबा अंबाडीच्या वाखाची गोफण स्वतः विणीत. एका दोरीचा फासा बोटात अडकवावयाचा, दुसरीचे टोक चिमटीत धरावयाचे, झोळीत दगड ठेवून डोक्याभोवती फिरवावयाचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडावयाची. रब्बीची ज्वारी निसवली की शिवारात माळे उभे राहत आणि परदेशातून थंडीत येणाऱ्या भोरड्यांचे थवेच्या थवे कणसांवर उतरत. त्यांना हाकलण्यास बहुधा दगडाचीही गरज नसे. दोरीचा कडाका ऐकताच थवा उठे. आजोबा म्हणत, “गोफण राखणीसाठी असते रं, मारण्यासाठी नाही.” भोरडी कणीस खाते, तशीच ती टोळ व नाकतोडेही खाते, हे ते जाणून होते.

दुसरे साधन गलोल. आज पुष्कळ जण बेचकीलाच गलोल म्हणतात. परंतु मूळची गलोल म्हणजे मातीची गोळी मारावयाचे धनुष्य. त्याला दुहेरी दोरी असून मध्ये गोळी धरण्यास लहानशी पट्टी असे. हे धनुष्य मागे पडले आणि त्याचे नाव तेवढे रबराच्या बेचकीस मिळाले.

बेचकी मात्र अर्वाचीन आहे. कित्येक वृद्ध ती पूर्वापार चालत आल्याचे सांगत. पण तसे संभवत नाही. रबरास टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट अमेरिकेत चार्लस गुडइयर यांस १८४४ साली मिळाले. हवा भरलेला सायकलीचा टायर डनलॉप यांनी १८८८ साली केला. खेड्यात सायकल आली, तिची ट्यूब फाटली आणि त्या ट्यूबच्या पट्ट्यांतून आमची बेचकी जन्मास आली. पेरूचे वा चिंचेचे दुबेळके, जुन्या चपलेचे चामडे आणि ओढ्यातील गोल खडे एवढ्यावर काम भागे. गोफण साधण्यास वर्षे लागत. बेचकी आठ दिवसांत हाती बसे. मारणे सोपे झाले, आणि तेथेच राखणीचा धर्म सुटला.

तथापि एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. १९७२ साली पाऊस दगा देऊन गेला. आपला तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. दुष्काळाच्या वेळी तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. विहिरी आटल्या, वडीलधारी माणसे खडी फोडण्यास गेली, घरात लाल मिलो आणि सुकडी आली. त्या वर्षी आम्ही बारा वर्षांचे होतो. मुलांनी आणलेला होला किंवा ससा पाहून कोणत्याही मातेने तोंड फिरविले नाही. त्या शिकारीस आम्ही पाप म्हणत नाही.

आमचा अपराध पुढचा. दुष्काळ सरला, घरात ज्वारी आली, तरी बेचकी हातातून सुटली नाही. एके दिवशी बाभळीवरील होल्यावर आम्ही खडा मारला. तो फांदीवर आपटून उसळला आणि शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या चुलतभावाच्या डाव्या डोळ्यात बसला. रात्री बैलगाडीने निलंग्यास, सकाळी एस.टी.ने लातुरास नेले. डोळा वाचला नाही. गाडीत त्याने एवढेच विचारले, “दादा, होला पडला का?” भुकेची सबब त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती. आजीने बेचकी चुलीत घातली. चुलत्यांनी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही, आणि तेच आम्हांस आजवर जड वाटत आले आहे.

त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आरंभी त्यात लहान शिकारीचा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने तोही गेला. आता ससा, तित्तर, लावा, होला यांची शिकार हा गुन्हा आहे, मग साधन बंदूक असो वा बेचकी. पक्ष्यांची अंडी व घरटी नासणे हेही त्या कायद्यात शिकारच होय.

मग नेमबाज मुलाने करावे तरी काय? डॉ. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून त्यांच्या पक्षिशास्त्राचा आरंभ झाला. पुढे १९३१-३२ साली त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला मुलूख त्याच संस्थानात होता. तित्तर उडण्याआधी धावतो, लावा पायाशी येईपर्यंत दबून बसतो, ससा दिवसा गवताच्या खळग्यात असतो, हे ज्ञान आम्हांस शिकारीनेच दिले. ते ज्ञान राखावे, खडा टाकून द्यावा.

शिक्षकाच्या पेशात आम्ही कित्येक बेचक्या जप्त केल्या. परंतु प्रत्येक मुलास आधी त्याने पाहिलेल्या पाच पक्ष्यांची नावे विचारली. बहुतेकांना पाचांहून अधिक येत.

आमचा चुलतभाऊ आज शेती करतो. आता शिवारात सोयाबीन फार, माळे विरळ. पण अंबाडीची गोफण गावात त्याच्यासारखी कोणी विणीत नाही. “एका डोळ्याने नेम बरा धरता येतो,” असे म्हणून तो हसतो. आम्हांस अद्याप हसता येत नाही. ज्या घरी लहान मुले आहेत त्यांनी त्याच्याकडून गोफण अवश्य विणून घ्यावी, कडाका करण्यास मुलांना शिकवावे, आणि झोळी रिकामी ठेवावी, एवढीच विनंती. इत्यलम्.