ल्हासाच्या सहलीतला पहिला आकडा: 3,650 मीटर

समजा, भोकरहून निघून ल्हासाला चार-पाच दिवसांची सहल करायची आहे. आराखडा करायला बसलात की व्हिसा, तिबेटचा वेगळा परवाना आणि तिथल्या एजन्सीमार्फतच फिरायची अट, हे सगळं समोर येतं. पण दिवस कसे वाटायचे, हे ठरवतो एक आकडा: 3,650 मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 65 टक्के. म्हणून पहिले एक-दोन दिवस आराम, पोताला राजवाड्याच्या पायऱ्या नंतर.

हा आकडा पहिल्यांदा कुणी मोजला? संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट वाचायलाच हवी. तिचं एक टोक आपल्याच भागात आहे.

भोकर साधारण 77 अंश 40 मिनिटे पूर्व रेखांशावर येतं. याच रेखांशाच्या आसपास विल्यम लँबटनने त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेला आणली. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेला त्रिकोण गणिताने मिळतो, एवढंच तत्त्व. 1815 मध्ये काम बिदरजवळ पोचलं. 1823 मध्ये लँबटन हिंगणघाटला वारला. पुढं जॉर्ज एव्हरेस्टने 1825 पर्यंत साखळी अचलपूरच्या पुढं नेली आणि 1841 पर्यंत ती थेट हिमालयाच्या पायथ्याशी गेली.

तिथं मात्र काम अडलं. तिबेट युरोपियनांना बंद. थिओडोलाइट खांद्यावर घेऊन कोण आत सोडणार? मग कॅप्टन माँटगोमेरीने कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत यांना देहरादूनला तयार केलं. पाऊल नेहमी सारख्याच लांबीचं पडायला हवं, साधारण 2,000 पावलांचा एक मैल. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात, पारा कवड्यांमध्ये.

जानेवारी 1866 मध्ये ते ल्हासाला पोचले आणि सुमारे तीन महिने राहिले. पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरलं. पकडले गेले असते तर जीवच गेला असता.

आता विज्ञानाचा भाग. उंची मोजली ती पाणी उकळून! जितकं वर जाल तितका दाब कमी, तितकं पाणी लवकर उकळतं. ल्हासात ते 88 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. त्यावरून उंची निघाली सुमारे 11,700 फूट. आजचा आकडा फुटांत साधारण 11,975. म्हणजे फरक 275 फूट, सव्वादोन टक्क्यांचा.

हा फरक किती मोठा, हे तुम्हीच तपासा. त्या उंचीवर उत्कलनबिंदूत एक अंशाचा फरक म्हणजे उंचीत सुमारे 300 मीटरचा. 275 फूट म्हणजे 84 मीटर. म्हणजे ही सगळी चूक तापमापकाच्या जेमतेम पाव अंशाएवढी! त्यात हवामानामुळे त्या दिवशीचा दाब थोडा वरखाली असेल, तेही आलंच.

पण गोष्टीची दुसरी बाजूही बघा. 1868 मध्ये अहवाल छापला गेला तो माँटगोमेरीच्या नावाने. मोजणारा माणूस त्यात नुसता ‘पंडित’. नाव लपवायला सुरक्षेचं कारण होतं, हे खरं. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये नैनसिंहांना सुवर्णपदकही दिलं. तरी बारा-एकशे मैल, म्हणजे जवळपास 25 लाख पावलं एकाची आणि मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं. शिवाय ही सगळी माहिती यजमानांना फसवून, साम्राज्याच्या कामासाठी गोळा केलेली. नैनसिंहांच्या चिकाटीला दाद देतानाही हे विसरायचं नाही.

तेव्हा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एखादा ‘सर्वमान्य’ आकडा लिहाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा: कुणी मोजला? कशाने मोजला? त्यात चूक किती असू शकते? आज संध्याकाळी आपल्या विषयातला असा एकच आकडा घ्या आणि त्याच्या मूळ नोंदीपर्यंत जाऊन बघा.